कूलरचा पंखा आणि विमानाचा पंख : प्रकल्प नोंदी

१५ डिसेंबर

पुतणीने अकरावीच्या प्रकल्पाचा विषय ठरवला: उडत्या विमानावर काम करणारी बलं. वहीत विमानाचं चित्र काढून तिने चार बाण दाखवले होते. वर लिफ्ट, खाली वजन, पुढे थ्रस्ट, मागे ड्रॅग. चारही बाण सारख्या लांबीचे.

"हे चारही सारखे कसे?" मी विचारलं.

"काका, विमान एका वेगाने सरळ चाललं की बलं समतोल असतात ना."

समतोल असतात हे खरं, पण जोडीजोडीने. लिफ्ट वजनाएवढी, थ्रस्ट ड्रॅगएवढा. लिफ्ट आणि थ्रस्ट एकमेकांएवढे असायचं काहीच कारण नाही. प्रवासी जेट विमान उंचावर सरळ उडत असताना त्याची लिफ्ट ड्रॅगच्या साधारण १७-१८ पट असते. म्हणजे ७० टनांचं विमान हवेत ठेवायला इंजिनांचा रेटा चार टनांच्या आसपास पुरतो. उरलेलं काम पंख करतात. चित्र प्रमाणात काढायचं तर थ्रस्टचा बाण एक सेंटिमीटर आणि लिफ्टचा साडेसतरा. तिने पट्टी लावून पाहिली, वहीचं पान आडवं करावं लागलं.

आज एक नियम ठरला. या प्रकल्पात मोजल्याशिवाय एकही बाण काढायचा नाही.

१७ डिसेंबर

मोजायचं म्हणजे विंड टनेल, म्हणजे वाऱ्याचा बोगदा, पाहिजे. विमान स्थिर हवेत पुढे जातं की विमान स्थिर ठेवून हवा त्याच्यावर सोडली, पंखाला दोन्ही सारखंच. फक्त वाऱ्याची सोय करायची.

आमच्या घरात वाऱ्याची सोय म्हणजे कूलर. दादाचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. मार्च ते जून त्याला जेवायला फुरसत नसते, डिसेंबरात दुकान शांत असतं. आईच्या खोलीतला मोठा कूलर आता गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत पडून आहे. दादाला विचारलं. तो म्हणाला, "घेऊन जा ना बे. हिवाळ्यात कोण कूलर लावते? पण मार्चच्या आत वापस पाहिजे, नाही तर आई मला बोलन."

अठरा इंची पंखा आणि मोटर काढली. वेग हवा तसा कमीजास्त करायला दादाने दुकानातला डिमरस्टॅटही दिला. कूलरच्या साध्या रेग्युलेटरला तीनच वेग असतात, त्यावर आमचं भागलं नसतं.

पुतणीला एक गोष्ट सांगितली ती तिच्या मनात बसली. राइट बंधूंनी १९०१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या डेटन गावच्या आपल्या सायकल दुकानात असाच एक लाकडी खोका केला होता, सहा फूट लांब, सोळा इंच चौरस. बल मोजायचे तराजू त्यांनी हॅकसॉच्या जुन्या पात्या आणि सायकलच्या स्पोकची तार यांतून बनवले. त्याआधी सगळे जण हवेच्या दाबाचा एक जुना गुणांक वापरत होते, ०.००५. राइट बंधूंना त्यांच्या ग्लायडरची लिफ्ट हिशेबापेक्षा फार कमी मिळत होती. आकडा चुकीचा असू शकतो असं त्यांनी धरलं, मोजमाप केलं, आणि तो ०.००३३ च्या जवळ निघाला. मग खोक्यात त्यांनी दोनशेच्या आसपास पंखांचे आकार तपासले. १९०३ चं उड्डाण या खोक्यावर उभं आहे.

२१ डिसेंबर

प्लायवुडचा चौकोनी बोगदा तयार झाला. आतून ३५ बाय ३५ सेंटिमीटर, एका बाजूला ॲक्रिलिकची खिडकी. पंखा पहिल्यांदा पुढून लावला, म्हणजे हवा आत फुंकणारा. लोकरीचे धागे टांगून पाहिले तर ते सरळ मागे जाण्याऐवजी गोल गोल फिरत होते. पंख्याची पाती हवेला नुसतं पुढे ढकलत नाहीत, पीळही देतात.

म्हणून पंखा उलट बाजूला नेला. आता तो मागून हवा ओढतो आणि समोरच्या तोंडातून शांत हवा आत येते. तोंडाशी मिल्कशेकच्या जाड कागदी स्ट्रॉचे तुकडे रचून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी केली. नऊशे तुकडे, दोन संध्याकाळी गेल्या. तोंडाच्या कडा चार्टपेपरने तुतारीसारख्या बाहेर वळवल्या, नाही तर हवा कडेवर अडखळते. धागे आता ताठ सरळ.

आई जिना चढून वर आली. "काय करून राहिले रे तुम्ही दोघं? माझा कूलर कुठं गेला?" नात म्हणाली, "आजी, आम्ही वारा सरळ करून राहिलो."

२४ डिसेंबर

पंख कापला. थर्माकोलच्या ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना प्लायचे साचे चिकटवायचे आणि तापलेली नायक्रोम तार त्यांवरून फिरवायची. तार घाईने ओढली की मध्ये मागे राहते आणि पंखाला खळगा पडतो. तिसरा पंख चांगला उतरला. रुंदी १५ सेंटिमीटर, लांबी ३०, म्हणजे क्षेत्रफळ ०.०४५ चौरस मीटर. वर फुगीर, खाली जवळपास सपाट. वरून ब्राउन टेप घट्ट लावली.

तो दोन स्पोकवर उभा केला. स्पोक बोगद्याच्या तळातल्या फटींतून खाली येतात आणि लाकडी पाटावर बसवलेले आहेत. पाट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर. वारा नसताना काटा २४० ग्रॅम दाखवतो.

२६ डिसेंबर

पहिलं खरं मोजमाप. सकाळी साडेसहा, खोलीत १६ अंश. हातात धरायच्या ॲनिमोमीटरवर वाऱ्याचा वेग सेकंदाला ६ मीटर. पंखाचं नाक ८ अंश वर.

पुतणीने डिमरस्टॅट फिरवला. काटा २४० वरून २३१ झाला, २१०, १९०, आणि १७४ वर येऊन थोडा हलत राहिला. ती काही बोलली नाही. मग पंखा बंद केला, काटा परत २४०. पुन्हा सुरू केला, १७४. असं तिने पाच वेळा केलं. मोजमापासाठी दोन वेळा पुरले असते, पण मी थांबवलं नाही. दिसणाऱ्या कुठल्याही वस्तूने पंखाला हात लावलेला नसताना काट्यावरचे ६६ ग्रॅम उचलले गेले होते. मी इतकी वर्षं फळ्यावर लिफ्टचं समीकरण लिहितो आहे, ती अशी आकड्यात उतरताना मीही आज पहिल्यांदाच पाहिली.

वेग अर्धा केला, ३ मीटर. लिफ्ट १७ ग्रॅम. अर्धी नाही, पाव. वेगाचा वर्ग म्हणतात तो हा.

समीकरण तिने वहीत शब्दांत लिहिलं: लिफ्ट म्हणजे हवेच्या घनतेचा अर्धा, गुणिले वेगाचा वर्ग, गुणिले पंखाचं क्षेत्रफळ, गुणिले एक गुणांक, जो पंखाचा आकार आणि कोन यांवर ठरतो. आमच्या पंखाचा गुणांक आजच्या हिशेबाने ०.६८.

२९ डिसेंबर

आज कोन बदलून मोजलं. शून्य अंशालाही थोडी लिफ्ट मिळते, कारण पंख वरून फुगीर आहे. पुढे दर अंशाला लिफ्ट वाढत जाते. १२ अंशांपर्यंत हा चढ सरळ आहे, १३ ला सुस्तावतो आणि १५ ला काटा एकदम उलट चालू लागतो. पंखाच्या पाठीवर चिकटवलेले लोकरीचे छोटे धागे तोवर शिस्तीत मागे झोपलेले होते. १५ ला ते उभे राहून थरथरायला लागले, मागच्या कडेजवळचे दोन तर उलटे, पुढच्या दिशेने वळले. हवेने पंखाची पाठ सोडली. हाच स्टॉल. त्याचा इंजिन बंद पडण्याशी संबंध नाही, हे पुतणीने स्वतःहून लिहिलं. इंजिन जोरात चालू असतानाही पंख स्टॉल होऊ शकतो, कारण प्रश्न हवा पंखाला कुठल्या कोनात भेटते याचा आहे.

ड्रॅग मोजायला काटकोनी लीव्हर केला, म्हणजे मागची ओढ काट्यावर खालचा दाब होऊन पडते. ८ अंशांना १३ ग्रॅम, त्यातून नुसत्या स्पोकचे ३ वजा. स्टॉलच्या पुढे ड्रॅग दुपटीहून वर. लिफ्ट आणि ड्रॅगचं आमचं गुणोत्तर साडेसहा भरलं. पंख आखूड आणि वेग कमी, त्यामुळे जेटच्या सतराशी त्याची तुलना नाही. तरी पुतणीच्या चित्रातला लिफ्टचा बाण आता ड्रॅगच्या साडेसहा पट आहे, आणि तो आम्ही मोजून काढलेला आहे.

४ जानेवारी

हा दिवस मला सविस्तर लिहायचा आहे.

लिफ्ट का मिळते, याचं एक उत्तर मी सोळा वर्षं वर्गात देत आलो: पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता. वरची आणि खालची हवा मागच्या कडेला एकाच वेळी भेटायची म्हणून वरची वेगाने धावते. वेग जास्त तिथे दाब कमी, म्हणून पंख वर ओढला जातो. पुतणीनेही प्रकल्पात हेच लिहिलं होतं, कारण तिला ते मीच शिकवलं.

यातलं "वेग जास्त तिथे दाब कमी" हे बर्नुलीचं म्हणणं बरोबर आहे. वरची हवा वेगाने जाते हेही बरोबर. पण दोन्हीकडची हवा एकाच वेळी पोचली पाहिजे, हा नियम कुणी केला? हवेचे दोन कण कडेला भेटायची वेळ ठरवून निघत नाहीत.

तपासायची सोय घरात होती. नायक्रोम तार पंखाच्या पुढे उभी ताणली, तिला ग्लिसरीन लावलं. वारा अगदी मंद ठेवला. तारेला क्षणभर करंट दिला की धुराची एक उभी रेघ सुटते आणि वाऱ्यासोबत पंखाकडे जाते. पंखाच्या नाकाशी ती रेघ दुभंगते. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपलं.

सतरा वेळा केलं, कारण धूर फिका होता आणि खिडकीवर उजेड चमकत होता. शेवटच्या चार वेळा स्पष्ट दिसलं. वरचा धूर मागच्या कडेला पोचला आणि पुढे निघूनही गेला, तेव्हा खालचा अजून पंखाखालीच होता. दोन तुकडे पुन्हा कधीच जुळले नाहीत. वरची हवा "वेळेत पोचायला" लागते त्याहून कितीतरी वेगाने जाते. वेळेच्या नियमाने हिशेब केला असता तर आमच्या पंखाला लिफ्ट मोजलेल्यापेक्षा फारच कमी मिळाली असती.

मग पंख उलटा लावला, फुगीर बाजू खाली. जुन्या उत्तराप्रमाणे तो खालीच ओढला जायला हवा. ८ अंशांना लिफ्ट कमी होती, पण वरच्या दिशेने होती. कोन वाढवला तर चांगली मिळाली. थर्माकोलची साधी सपाट पट्टीही तिरकी धरली की वजन उचलते, फक्त ड्रॅग जास्त आणि स्टॉल लवकर. म्हणूनच कसरती करणारी विमानं उलटी होऊनही उडत राहतात.

पंखाच्या मागे सहा धागे टांगले होते. लिफ्ट असेल तेव्हा ते सरळ मागे जात नाहीत, खाली झुकतात. कोन वाढला की झुकाव वाढतो. पंख हवेला खाली वळवतो आणि हवा पंखाला वर रेटते, न्यूटनचा तिसरा नियम. वर कमी दाब आणि खाली जास्त दाब ही त्याच घटनेची दुसऱ्या बाजूने केलेली मोजणी आहे. न्यूटन की बर्नुली असा वाद घालायची गरज नाही, दोघेही एकच ६६ ग्रॅम सांगतात.

पुतणी म्हणाली, "काका, मग पुस्तकात असं काऊन लिहितात?" ऐकायला ते सोपं आणि पटणारं वाटतं म्हणून, असं मी सांगितलं. सोमवारी वर्गात जाऊन मी मुलांना हा व्हिडिओ दाखवणार आहे आणि मागच्या तासाला सांगितलेलं दुरुस्त करणार आहे. गेल्या सोळा वर्षांतल्या मुलांपर्यंत आता पोचता येणार नाही, याची मात्र रुखरुख आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. आमच्या नागपूरच्या महाल भागात सकाळपासून गच्च्या भरलेल्या, सगळीकडून "ओ काट!" आमच्याकडे साधा सुती मांजा. नायलॉनचा घरात येऊ देत नाही, पक्ष्यांच्या आणि दुचाकीवाल्यांच्या गळ्याशी खेळ आहे तो.

पतंगाला इंजिन नाही, मग थ्रस्ट कुठला? पुतणीने हा प्रश्न चक्री धरून उभं असताना विचारला. वारा पतंगाला मागे ढकलतो, तो ड्रॅग. मांजा त्याला पुढे धरून ठेवतो, ते थ्रस्टचं काम. मांजा कापला की पुढची ओढ संपते, पतंग वाऱ्याबरोबर वाहू लागतो, हवेच्या मानाने त्याचा वेग शून्याकडे जातो आणि लिफ्ट जाते. पंख स्टॉल न होताही लिफ्ट संपते, ती अशी.

कन्नी बांधताना दादा गाठ जरा वर सरकवतो किंवा खाली घेतो, ते कोन ठरवणंच आहे. गाठ फार खाली गेली तर पतंग वाऱ्याला छाती देऊन उभा राहतो, ओढतो फार आणि चढत नाही. दादाने हे कधी मोजलेलं नाही, त्याच्या बोटांना ठाऊक आहे.

२ फेब्रुवारी

वर्धा रोडवर विमानतळाच्या बाजूला जाऊन उतरणारी विमानं पाहिली. पंखांच्या मागच्या कडेतून फ्लॅप बाहेर येऊन खाली वळलेले, पुढच्या कडेला स्लॅट उघडलेले. वेग कमी करायचा, पण लिफ्ट वजनाएवढीच ठेवायची, म्हणून गुणांक वाढवायचा.

तिथेच वहीत हिशेब केला. आमचा पंख ६ मीटर वेगाला चौरस मीटरमागे साधारण १.४७ किलो उचलतो. एअरबस ए३२० निओ जास्तीत जास्त ७९ टनांनिशी निघतं, पंखांचं क्षेत्रफळ सुमारे १२२.६ चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरमागे ६४४ किलो. आमच्या थर्माकोलचा या आकड्याशी काही संबंध असेल असं वाटत नाही. पण जमीन सोडताना विमानाचा वेग सेकंदाला ७५ मीटरच्या घरात असतो, आमच्या साडेबारा पट. वर्ग केला की १५६. १.४७ ला १५६ ने गुणलं, २२९ किलो. उरलं किती? पावणेतीन पटीच्या आसपास. तेवढं फ्लॅप, स्लॅट आणि वर उचललेलं नाक मिळून देतात. जादूला जागाच उरली नाही. पुतणीने हा हिशेब तीनदा तपासला.

एक विमान वर चढत गेलं. "आता लिफ्ट वजनापेक्षा जास्त," ती म्हणाली. तसं नाही. एका वेगाने सरळ रेषेत चढणाऱ्या विमानाची लिफ्ट वजनापेक्षा किंचित कमीच असते, कारण वजनाचा काही भाग आता इंजिन ओढत असतं. चढ म्हणजे थ्रस्टची शिल्लक. लिफ्ट वाढवावी लागते ती वळताना: ६० अंश कलून उंची न सोडता वळायचं तर वजनाच्या दुप्पट.

परतताना तिला सांगितलं, १९४९ पासून याच सोनेगाव विमानतळावर मध्यरात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून टपालाची विमानं येत. इथे पिशव्यांची अदलाबदल करून सकाळपर्यंत आपापल्या शहरी परत. देशाच्या मध्यावर असण्याचा नागपूरला मिळालेला तो मान.

९ मार्च

प्रकल्प कॉलेजात जमा झाला. पंखा कूलरमध्ये परत बसवायचा होता. त्या रात्री पुतणीने विचारलं, "काका, समीकरणात घनता आहे. बाकी सगळं आपण बदलून पाहिलं. घनता कुठं बदलली?"

घनता बदलायला डोंगरावर जावं लागतं. किंवा नागपुरात थांबून मे महिन्याची वाट पाहावी लागते.

आमची गच्चीवरची खोली ३ बाय ४ बाय ३ मीटर. २६ डिसेंबरला मोबाइलच्या बॅरोमीटरवर दाब ९८० हेक्टोपास्कल होता आणि तापमान १६. घनता घनमीटरला १.१८ किलो, म्हणजे खोलीत साडेबेचाळीस किलो हवा होती. मेमध्ये ती किती उरेल? बोगदा मोडायचा नाही असं ठरलं. कापड घालून ठेवला.

वाऱ्याचा वेग दाबावरून सांगणारी पिटॉट नळीही आताच केली. एक नळी वाऱ्याला तोंड करून, दुसरीचं भोक बोगद्याच्या भिंतीत, दोन्ही पाण्याच्या बारीक नळीला जोडलेल्या. फरक जेमतेम २ मिलिमीटरचा, म्हणून नळी एकास दहा अशी तिरकी ठेवली, तो दहापट लांब दिसतो. पहाटेच्या गार हवेत पंखाही परत मोजला: वेग ६, पाण्याची रेघ साडेएकवीसच्या जवळ, लिफ्ट ६६ ला एक कमी.

२६ मे

नवतपाचा, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतला, दुसरा दिवस. दुपारी दोन. टिनाच्या खोलीत ४३ अंश. बोगद्याचं प्लाय हाताला गरम लागत होतं.

अडचण पंख्याची होती. तो आईच्या खोलीत कूलरमध्ये, आणि याच वेळी तिला तो हवा. दुसरा पंखा चालला असता, पण पाती वेगळी, प्रवाह थोडा तरी बदलणार, आणि आम्हाला फरक जेमतेम सहा-सात ग्रॅमचा पकडायचा होता. मी तिला विचारायला कचरत होतो. नातीने सरळ विचारलं. आई म्हणाली, "घ्या, एक तास घ्या. मी खाली ओसरीवर बसते, ओला टॉवेल आहे माझ्याजवळ." दादा दुकान सोडून आला आणि दहा मिनिटांत पंखा काढून वर आणला. मे महिन्यात दादाने दुकान सोडणं म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

काटा आधी तपासला, उन्हात तो भरवशाचा राहत नाही. किराणा दुकानातलं १०० ग्रॅमचं माप ठेवलं तर १०१ दाखवत होता. ती दुरुस्ती प्रत्येक आकड्यात केली आहे. पंखाचा कोन पुन्हा मोजला, अर्धा अंश सरकला होता, परत ८ वर आणला. दाब ९६९. हिशेबाने घनता १.०७. खोलीतली हवा साडेअडतीस किलोच्या आत: डिसेंबरपेक्षा चार किलो कमी, दार बंद असो की उघडं.

पहिली फेरी. ॲनिमोमीटरवर बरोबर ६ मीटर. दहा वेळा मोजलं. लिफ्टची सरासरी साठ ग्रॅम, सगळ्यात कमी ५९, सगळ्यात जास्त ६२. हिशेब म्हणत होता ५९.७. तोच पंख, तोच कोन, तोच वेग, आणि सहा ग्रॅम गेले. पाण्याची रेघही साडेएकोणीसवर उतरली होती.

दुसरी फेरी पुतणीच्या डोक्यातून आली, मी सुचवलेली नाही. तिने ॲनिमोमीटर बाजूला ठेवला आणि डिमरस्टॅट फिरवत पाण्याची रेघ साडेएकवीसवर आणली, हिवाळ्यात होती तिथे. लिफ्ट: ६६. मग ॲनिमोमीटर धरला. ६.३.

ती जमिनीवर बसली आणि घाम पुसत म्हणाली, "म्हणजे पायलटचा काटा पण असाच."

तसाच. विमानातला वेगाचा काटा पिटॉट नळीवर चालतो. तो वेग मोजत नाही, वेगाचा वर्ग आणि घनता मिळून जो दाब होतो तो मोजतो. पंखालाही नेमकं तेच जाणवतं. म्हणून जानेवारीत ज्या आकड्यावर विमान जमीन सोडतं, नवतपातही काट्यावरच्या त्याच आकड्यावर सोडतं. पण धावपट्टीवर चाकं तेव्हा पाच टक्के जास्त वेगाने पळत असतात. पाच टक्के वेग म्हणजे वर्गाने दहा टक्क्यांहून जास्त लांब धाव, आणि हीच पातळ हवा इंजिनही ओढत असल्यामुळे रेटा कमी, म्हणून धाव त्याहूनही लांब. सोनेगावची धावपट्टी ३२०० मीटर आहे, तिथे सवड मिळते. आखूड धावपट्टीवर माल किंवा माणसं कमी करावी लागतात.

१.०७ ही घनता प्रमाण वातावरणाच्या तक्त्यात शोधली, तर ती १४०० मीटर उंचीवर सापडते. सोनेगाव समुद्रसपाटीपासून ३१५ मीटरवर. चिखलदरा अकराशेच्या थोडं वर. म्हणजे आज दुपारी दोन वाजता पंखाच्या दृष्टीने आमची गच्ची चिखलदऱ्यापेक्षा उंच होती.

पंधरा मिनिटं शिल्लक होती. तिने पहिली फेरी आणखी तीनदा केली: ६०, ६१, ६०.

तीन वाजायला पाच कमी असताना दादाने पंखा खाली नेऊन कूलरमध्ये बसवला, पंप चालू केला. घास भिजायला वेळ लागतो. नात टॉवेल ओला करून आणायला गेली, आणि आई विचारत होती, "निघालं का तुमचं उत्तर?" वहीत अजून दोन बाण काढायचे राहिले आहेत, डिसेंबरचा ६.६ सेंटिमीटर आणि मेचा ६.